रुग्णाजवळचे हात

सदाफुलीच्या झाडातून मिळणारं व्हिंक्रिस्टीन हे औषध गेली साठ वर्षं लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं जातं. ते शिरेतून द्यायचं असतं. शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस जळतं, म्हणून सुई नीट बसली आहे ना, हे पाहिल्याशिवाय जाणती सिस्टर पुढे जात नाही. याच मुलांना त्याच उपचारात आणखी एक औषध, बहुधा मेथोट्रेक्सेट, पाठीच्या कण्यात सुई घालून द्यावं लागतं. ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी शेजारी आल्या आणि घाईत अदलाबदल झाली, तर कण्यात गेलेलं व्हिंक्रिस्टीन मज्जासंस्था जाळत वर चढतं आणि रुग्ण जवळजवळ हमखास दगावतो. २००१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या रुग्णालयात अठरा वर्षांचा, आजारातून बाहेर आलेला मुलगा असाच गेला. तिथे तज्ज्ञ होते, औषधं होती, पैसाही होता. यावरचा उपाय ऐकला की हसू येईल इतका साधा आहे. हे औषध सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून लावायचं. पिशवी कण्याच्या सुईला जोडायला कुणी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जगभरच्या रुग्णालयांना हाच सल्ला दिला.

असा उपाय सुचायला प्रयोगशाळा लागत नाही. वॉर्डातलं काम दुपारी दोन वाजता, तीन बेल एकदम वाजत असताना कसं चालतं, हे ठाऊक असावं लागतं. या पुस्तकाचा विषय आहे कॅन्सरच्या रुग्णाची निगा राखणाऱ्या माणसांचं शिक्षण, आणि तो मला त्या पिशवीपासून सुरू करावासा वाटतो. कारण या विषयावर बोलायला बसलं की आपल्याकडे गाडी दोनच स्थानकांवर थांबते: तज्ज्ञ किती कमी आहेत आणि मशीन किती महाग आहेत. दोन्ही खरं आहे. पण रुग्णाचं आयुष्य ज्या हातांतून जातं त्यातले बहुतेक हात तज्ज्ञाचे नसतात.

एक गाठ घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनने ती काढली. काढलेला तुकडा त्याच्या दहापट फॉर्मलिनमध्ये, लगेच बुडवायचा असतो. थिएटरमधल्या मुलाला हे कुणी सांगितलं नसेल आणि तुकडा कापसात गुंडाळून, नाहीतर सलाइनच्या बाटलीत पडून राहिला, तर पुढचा पॅथॉलॉजिस्ट कितीही विद्वान असो, त्याच्या हातात काही येत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनची स्वस्त गोळी उपयोगी पडेल की नाही, हे त्याच तुकड्यावरून ठरायचं असतं. पुढे औषध मोजणारा फार्मासिस्ट, रेडिएशनचा डोस तपासणारा फिजिसिस्ट, मशीनवर रुग्णाला रोज त्याच जागी, त्याच कोनात झोपवणारा टेक्निशियन, ‘पैसे संपले, आम्ही गावी जातो’ म्हणणाऱ्या बापाला थांबवणारी समाजसेविका. यातला एक जरी न शिकलेला असला तरी बाकीच्यांची पदवी फुकट जाते.

आकडे सांगतो आणि पुढे जातो. २०२२ साली जगात कॅन्सरचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण आढळले आणि ९७ लाख माणसं त्याने मेली. २०५० पर्यंत वर्षाला साडेतीन कोटी नवे रुग्ण होतील असा अंदाज आहे. भारतात २०२२ साली १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं जगतात, गरीब देशांत ३० टक्केसुद्धा जगत नाहीत. मुलं तीच, रोग बहुतेक तेच, औषधंही बरीचशी जुनी आणि पेटंट संपलेली. मग ही पन्नास टक्क्यांची दरी कशाची? तिच्यातला मोठा भाग उशिरा झालेल्या निदानाचा, अर्धवट सोडलेल्या उपचाराचा आणि उपचार चालू असताना झालेल्या जंतुसंसर्गाचा असतो. या तिन्ही ठिकाणी रुग्णाजवळ उभं असलेलं माणूस काय जाणतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे हे शिक्षण आलं कसं, ते थोडं पाहायला हवं. १९३१ साली मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तोवर कॅन्सर शिकायचा म्हणजे विलायतेला जायचं. तिथून शिकून आलेल्यांत वसंत रामजी खानोलकर हे एक. लंडनला पॅथॉलॉजी शिकले आणि टाटाच्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी विलायती पुस्तकात नसलेले कॅन्सर पाहायला सुरुवात केली. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी इथल्या सवयींतून उद्भवणाऱ्या कॅन्सरवर निबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काचून होणारा त्वचेचा कॅन्सर त्यात आहे. लंडनच्या प्राध्यापकाने हे शिकवलं नसतं, कारण लंडनला धोतर नव्हतं. तंबाखूची गुळणी, मिश्री, चुना यांनी गालाच्या आतल्या बाजूला काय होतं, हेही इथेच शिकायचं आणि इथेच शिकवायचं होतं. खानोलकरांच्या शेजारच्या इमारतीत गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस शस्त्रक्रिया करत आणि तरुण सर्जनांची पिढी तयार करत. त्यांच्या नावाचा रस्ता आज रुग्णालयाला लागूनच आहे आणि त्याच्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबं पथाऱ्या टाकून असतात. दक्षिणेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ साली अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू केलं. डॉ. व्ही. शांता दुसऱ्या वर्षी तिथे आल्या आणि २०२१ साली वारल्या तोवर त्याच आवारात राहिल्या. कॅन्सरतज्ज्ञाची खास पदवी देणारे देशातले पहिले अभ्यासक्रम याच संस्थेत १९८४ साली सुरू झाले. म्हणजे या विषयाचा देशी तज्ज्ञ ही अवघ्या चाळीस वर्षांची गोष्ट आहे, आणि त्याची वाट पाहत बसलेल्यांसाठी रोग थांबून राहिला नव्हता.

बार्शीला कुणी वाट पाहिली नाही. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं, आणि १९८७ साली टाटा मेमोरियलच्या साथीने तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणीवाले रुग्णालयांच्या फायली चाळतात. खेड्यात फाइलच नसते, कारण माणूस रुग्णालयात गेलेलंच नसतं. म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव फिरत. कुणाला अंगावरून जातं का, कुणाची जखम भरत नाही का, कुणाला गिळताना त्रास होतो का, असं विचारत आणि शंका असेल त्याला तपासणीला यायला सांगत. ही मंडळी डॉक्टर नव्हती. पण डॉ. कस्तुरी जयंत यांनी नंतर नोंदी मांडल्या तेव्हा दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर या भागात पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला होता. नोंद करायला गेलेल्या माणसाच्या बोलण्याने हे घडलं. मोजणीसाठी केलेलं काम उपचाराचा भाग झालं, आणि मला वाटतं ग्रामीण आरोग्यातल्या इतक्या मोलाच्या आणि तरी गाजावाजा न झालेल्या गोष्टी थोड्याच असतील.

त्याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा प्रयोग उभा राहिला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियॉनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. लियॉनकडून डॉ. आर. शंकरनारायणन. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरातलंच आम्ल, लावून पांढरा चट्टा उमटतो का हे नुसत्या डोळ्याने पाहायचं, आणि चौथ्यात फक्त माहिती. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. डोळ्याने पाहण्याच्या गटात म्हणावी अशी घट दिसली नाही.

इथे थांबायला हवं. कारण हीच व्हिनेगरची तपासणी तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात शिकवलेल्या नर्सनी केली तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले होते. आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं शिक्षण देऊन तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा करायला लावली. सुमारे दीड लाख बायका, आणि मृत्यूंत ३१ टक्के घट. एकच द्रावण, तोच चट्टा, पण निकाल वेगवेगळे. यंत्र आकडा देतं, डोळा अंदाज देतो, आणि डोळ्याला एकदा शिकवून भागत नाही. तो आळसावतो, घाबरतो, प्रत्येक लाल जागेला कॅन्सर म्हणू लागतो, किंवा उलट, सगळं ठीक दिसायला लागतं. त्याच्या मागे कुणीतरी पुन्हा पुन्हा तपासणारं लागतं, आणि बाईच्या दारात पुन्हा जावं लागतं. मुंबईत या दोन्ही गोष्टी होत्या. एचपीव्ही चाचणी परवडत असेल तर तीच बरी, असं जागतिक आरोग्य संघटना आता सांगते, त्यामागे हेच आहे. तिच्यात कौशल्याचं ओझं माणसावरून यंत्रावर जातं. शिवाय नमुना बाई स्वतः घेऊ शकते. शिक्षणाविषयीच्या पुस्तकात हे सांगणं थोडं चमत्कारिक वाटेल, पण जिथे शिक्षणाची गरजच कमी करता येते तिथे ती करावी.

या प्रयोगांवर टीकाही झाली आहे आणि ती दडपून पुढे जाणं बरं नव्हे. ज्या गटातल्या बायकांना फक्त माहिती दिली गेली त्यांच्यातल्या काही कॅन्सरने मेल्या, आणि तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीपासून माहीत होतं, असं टीकाकारांचं म्हणणं. प्रयोग करणाऱ्यांचं उत्तर असं की देशात त्या वेळी कुठेही तपासणी होतच नव्हती, आणि पॅप स्मिअरची पाश्चात्त्य व्यवस्था इथे आणणं अशक्य होतं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. पण ज्याने ते पूर्ण लंगडं होतं ती गोष्ट वेगळीच आहे. निष्कर्ष हातात आल्यावर आपण काय केलं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या बायका १.९ टक्के निघाल्या. तोंडाची आणि स्तनांची तपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. ज्या देशाच्या दहावी शिकलेल्या बायकांनी हे शक्य आहे असं जगाला दाखवून दिलं, त्याच देशाचा हा आकडा.

आता मुलांकडे. ब्राझीलच्या ईशान्येला, त्या देशाच्या गरीब भागात, रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या एका रुग्णालयात ऐंशीच्या दशकात रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांपैकी रोग न उलटता पाच वर्षं काढणारी मुलं ३२ टक्के होती. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाशी भागीदारी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आकडा ६३ टक्क्यांवर गेलेला दिसतो. मधल्या काळात कुठलं नवं चमत्कारी औषध आलं नाही. मुलांसाठी वेगळा वॉर्ड झाला, नर्सना केमो द्यायला आणि ताप ओळखायला शिकवलं गेलं, सगळे एकाच ठरलेल्या पद्धतीने उपचार करू लागले. केमो चालू असलेल्या मुलाला रात्री ताप आला तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नसते. तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं असतं. रात्रीची सिस्टर हे जाणत असेल तर मूल वाचतं. आणखी एक आकडा मला त्याहून बोलका वाटतो. उपचार मध्येच सोडणारी मुलं १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. त्यासाठी गावाकडून येणाऱ्या आईला राहायला जागा, एसटीचं भाडं म्हणावं असं काही, आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन करणारं माणूस लागलं. सेंट ज्यूडच्याही आधी, १९८६ साली, इटलीतल्या मोंझाच्या बालरोगतज्ज्ञांनी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथल्या ‘ला मास्कोता’ रुग्णालयाशी असाच जोड जमवला होता. पाहुणे येऊन शस्त्रक्रिया करून फोटो काढून गेले, असा तो प्रकार नव्हता. वर्षानुवर्षं त्याच दोन रुग्णालयांनी एकमेकांना धरून राहायचं, असा होता.

रवांडाच्या उत्तरेला डोंगरावर बुतारो आहे. जिल्हा रुग्णालय, चहुबाजूंनी शेतीच्या पायऱ्या. जुलै २०१२ मध्ये रवांडा सरकार, पॉल फार्मर यांची ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था आणि बॉस्टनची डेना-फार्बर ही कॅन्सर संस्था यांनी तिथे कॅन्सर केंद्र उघडलं. कॅन्सरतज्ज्ञ तिथे मुक्कामाला नव्हता. केमो देणारे होते साधे फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, एमबीबीएसच्या तोडीचे डॉक्टर आणि नर्स. बॉस्टनहून कॅन्सरच्या अनुभवी नर्स येऊन महिनोन्महिने त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करत. डॉक्टर दर आठवड्याला फोनवर रुग्ण मांडत. पहिल्या काळात बायोप्सीचे तुकडे विमानाने बॉस्टनला जात. नियम लिहून ठेवलेले: अमुक कॅन्सर, अमुक टप्पा, अमुक डोस, पांढऱ्या पेशी इतक्याच्या खाली गेल्या तर थांबा. जे नियमात बसत नाही त्यासाठी विचारा. यावर आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप असा की हे म्हणजे गरिबांना दुय्यम उपचार. तज्ज्ञ असताना तज्ज्ञ न देणं दुय्यम आहेच. पण तज्ज्ञ नसताना ‘तज्ज्ञ येईपर्यंत थांबा’ म्हणणं याला काय म्हणायचं? आणि हेही खरं की बुतारोच्या नर्सला जे धडे मिळाले ते आपल्या कित्येक शहरी नर्सिंग होममध्ये केमो चढवणाऱ्या मुलींना मिळालेले नसतात. हातमोजे एकावर एक दोन घालायचे, औषध सांडलं तर काय करायचं, गरोदर असताना हे काम करायचं नाही, एवढंही कुणी सांगत नाही.

फोनवर आठवड्याला रुग्ण मांडायची ही पद्धत पुढे मोठी झाली. तिचं एक मूळ न्यू मेक्सिकोत आहे. २००३ साली अल्बुकर्कचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी हेपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठी दूरदूरच्या साध्या डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र आणायला सुरुवात केली. व्याख्यान थोडं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाने आपला खरा रुग्ण मांडायचा. २०११ साली त्यांनी दाखवून दिलं की या डॉक्टरांचे रुग्ण विद्यापीठातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. ‘इको’ नावाने ही पद्धत आता कॅन्सरसाठी अनेक देशांत चालते. आपल्याकडे २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. तिथेही रुग्ण पडद्यावर मांडले जातात आणि उपचाराची समान पद्धत ठरवली जाते. मात्र कोविडनंतर पडद्यावरचं शिक्षण इतकं स्वस्त झालं आहे की त्याचं सोंगही स्वस्त झालं. कॅमेरा बंद, आवाज बंद, शेवटी प्रमाणपत्र. अहवालात ‘इतक्या हजारांना प्रशिक्षण दिलं’ असं छापून येतं. त्या हजारांच्या रुग्णांचं पुढे काय झालं हे विचारणारा रकाना बहुतेक अहवालांत नसतो. रुग्ण न मांडता जे शिक्षण होतं त्याला मी तरी या विषयात शिक्षण म्हणणार नाही.

दुखण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण जगातले बरेच कॅन्सर रुग्ण बरे होण्याच्या पलीकडे गेल्यावरच डॉक्टरसमोर येतात. १९९३ साली डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी युगांडात कंपाला इथे ‘हॉस्पिस आफ्रिका’ सुरू केलं. मॉर्फिनची भुकटी पाण्यात विरघळवून तिथेच बाटल्या भरायच्या, ती रुग्णाने घरी चमच्याने घ्यायची. स्वस्त, सोपं, गिळायला सोयीचं. अडचण एकच होती, ते लिहून द्यायला डॉक्टर लागे, आणि खेड्यात डॉक्टर नव्हता. युगांडाने २००४ साली कायदा बदलला आणि खास शिकलेल्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर यांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. असं करणारा तो जगातला पहिला देश. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यात वॉर्ड, घरभेटी, हिशेब. इथे शिक्षण आणि कायदा हातात हात घालून गेले. नुसतं शिकवून त्या नर्सच्या हाताला पेन दिलं नसतं तर ती रुग्णाच्या उशाशी बसून, काय द्यायला हवं हे नीट जाणत, काहीच देऊ शकली नसती.

आपल्याकडे उलटं घडलं. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. मॉर्फिन ठेवायला इतके परवाने आणि चुकलं तर इतकी कडक शिक्षा, की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. हे त्या देशात, जिथे नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून औषधांसाठी अफू बाहेर देशी जाते. याचा शिक्षणावर झालेला परिणाम कुणी मोजला नाही, पण तो डोळ्यांसमोर आहे: डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता शिकून बाहेर पडली, आणि पुढे तीच शिक्षक झाली. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. पण दुरुस्तीने भीती जात नाही, ती शिकवूनच घालवावी लागते. मॉर्फिन दिलं की माणूस लगेच जातो, त्याला चटक लागते, ते ‘शेवटचं’ औषध आहे, अशा समजुती नातेवाइकांइतक्याच डॉक्टरांतही आहेत. दुखण्याची चौकशी कशी करायची हेही शिकावं लागतं. ठणका वेगळा, आग होणं वेगळं, करंट लागल्यासारखी चमक वेगळी. मज्जातंतूत शिरलेल्या कॅन्सरच्या आगीला एकटं मॉर्फिन पुरत नाही, सोबत दुसरी गोळी लागते. ‘दुखतं का?’ ‘हो.’ एवढ्यावर चौकशी संपली तर अर्धा उपचारही तिथेच संपतो.

केरळने या अंधारात वाट काढली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मित्रांनी १९९३ साली कोझिकोडला दुखणं शमवण्याचं काम सुरू केलं. पुढे शेजारपाजारच्या माणसांनाच शिकवून घेतलं: दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. २००८ साली राज्याने यासाठी स्वतंत्र धोरण केलं. महाराष्ट्रात त्याआधी, १९८६ साली, वांद्र्याला ‘शांती अवेदना’ सुरू झालं होतं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत निगा राखणारं घर, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पण एक उत्तम घर असणं आणि जिल्ह्याजिल्ह्यात शिकलेली माणसं असणं यात फरक आहे, आणि तो फरक आपल्या राज्याने अजून पुरता भरून काढलेला नाही.

आणि बोलणं. ‘डॉक्टर, आमच्या बाबांना सांगू नका’ हे वाक्य परळपासून पणजीपर्यंत रोज म्हटलं जातं. दाराबाहेर मुलगा हात जोडून उभा, आत बाबा सगळं ओळखून गप्प. इथे काय करायचं हे वाईट बातमी सांगण्याच्या इंग्रजी पुस्तकातल्या सहा पायऱ्यांनी सुटत नाही, कारण त्या पायऱ्या रुग्ण एकटा समोर बसला आहे असं धरून चालतात. आपल्याकडे समोर पाच जण बसलेले असतात आणि निर्णय बहुधा सहावा, गावाकडचा काका, घेतो. मुलाला आधी विचारावं, बाबांना किती कळलं आहे असं वाटतं. मग बाबांनाच विचारावं, त्यांना किती जाणून घ्यायचं आहे. या क्रमाने पुष्कळदा गाठ सैल होते. हे पाहून, करून, चुकीची दुरुस्ती कुणीतरी बाजूला घेऊन सांगितल्यावर येतं.

शिकलेल्या हातांचं कौतुक करताना एक गोष्ट कडूच लिहावी लागते. २०१६ साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयातलं कोबाल्टचं मशीन बंद पडलं, दुरुस्तीपलीकडे. ते युगांडातलं एकमेव रेडिएशन मशीन होतं, १९९५ सालचं. रवांडातून, बुतारोहूनही, रुग्ण तिथे पाठवले जात. काहींना नैरोबीला पाठवायची व्यवस्था झाली, बाकीचे थांबले. नवं मशीन २०१७ च्या अखेरीस आलं. मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत तिथल्या फिजिसिस्टचं आणि टेक्निशियनचं शिक्षण जसंच्या तसं होतं. रुग्णाला त्याचा उपयोग शून्य. कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा रेडिएशन लागतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडलेलं ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं मशीन भारताने व्हिएतनाम, मंगोलियासारख्या देशांना दिलं, ते याच गरजेपोटी. पण मशीन देणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचं आणि ते चालवणाऱ्यांच्या पगाराचं काय, हे त्याच कागदावर लिहायला हवं.

दुसरी गळती शांतपणे होते. केमो द्यायला उत्तम शिकलेली नर्स सहा महिन्यांनी नेत्रविभागात बदलून जाते, कारण रुग्णालयाच्या बदलीच्या नियमात केमो आणि डोळे यांत फरक नाही. जिथे तिला त्याच वॉर्डात राहू देतात तिथेही पगारात एका रुपयाचा फरक पडत नाही, म्हणून ती आखातात किंवा आयर्लंडला जाते. तिला दोष देणाऱ्यांनी तिच्या जागी उभं राहून पाहावं. परदेशी शिष्यवृत्तीवर गेलेला डॉक्टर तिकडेच राहतो, ही तक्रार जुनी झाली. आता तर गरीब देशांनी खर्च करून शिकवलेल्या नर्सवर श्रीमंत देशांची रुग्णालयं चालतात, आणि तेच देश परत या देशांना ‘प्रशिक्षण’ द्यायला येतात.

पुढची प्रकरणं ज्यांच्यासाठी लिहिली आहेत त्यात मेडिकल ऑफिसर आहेत, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत, आणि घरात रुग्ण असल्यामुळे हे सगळं मनाविरुद्ध शिकावं लागलेले नातेवाईकही. तोंडाची तपासणी, गाठीचा तुकडा पाठवणं, केमोचा वॉर्ड, ताप, दुखणं, आणि वाईट बातमी सांगणं यांवर एकेक प्रकरण आहे. शेवटचं प्रकरण बदल्या, पगार आणि कायद्याने दिलेले अधिकार यांवर आहे. रुग्णालय चालवणाऱ्यांनी आणि मंत्रालयात बसणाऱ्यांनी पुस्तक तिथूनच उघडलं तरी हरकत नाही.